सात रस्त्याला गाडगेबाबांचं नाव आहे. तिथे रात्री पाठ टेकणाऱ्यांना त्या नावाचा आसरा कसा मिळेल?

चिंचपोकळीकर

मंडळी, मुंबईतल्या सात रस्त्याला, म्हणजे जुन्या जेकब सर्कलला, सरकारदरबारी ‘संत गाडगे महाराज चौक’ म्हणतात. मार्च २०१९ मध्ये मोनोरेलचा दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा शेवटच्या स्थानकालाही हेच नाव मिळालं. टॅक्सीवाले, भाजीवाले, आम्ही रहिवासी अजून सात रस्ताच म्हणतो. त्यात वावगं काही नाही. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव कुणी काढू नये.

माझा विषय वेगळा आहे. २३ फेब्रुवारी २०२६ ला बाबांच्या जन्माला १५० वर्षं झाली. जिकडेतिकडे प्रतिमापूजन झालं, खराटे हातात घेऊन फोटो निघाले. सरकारी भिंतींवर बाबा दिसतात ते कायम खराट्यासह. ग्रामस्वच्छता अभियानाला २००० सालापासून त्यांचं नाव आहे, त्यामुळे शाळकरी मुलांना बाबा म्हणजे स्वच्छता एवढंच माहीत. खराटा खरा होताच, गावात पाऊल टाकलं की ते आधी झाडायला लागत. पण दगडविटांत उभं राहिलेलं त्यांचं सगळ्यांत मोठं काम कोणतं? धर्मशाळा. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, त्र्यंबकेश्वर, मुंबई. ज्याला रात्री दार उघडणारं कुणी नाही, त्याच्यासाठी हा माणूस गावोगाव कीर्तनं करून पैसे गोळा करत होता. १९०५ साली त्यांनी स्वतःचं घर सोडलं ते १९५६ पर्यंत, मरेपर्यंत, परत घर केलं नाही. इतक्या धर्मशाळा बांधल्या, पण घरच्यांना त्यांच्यावर हक्क सांगू दिला नाही. आणि त्यांची जी दशसूत्री आपण फलकांवर वाचतो, तिच्यात भुकेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र याच ओळीत ‘बेघरांना आसरा’ आहे.

आता चौकात या. सात रस्त्यावर रात्री साडेअकरानंतर पथाऱ्या पडायला लागतात. मोनोच्या खांबांच्या आडोशाला, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर. सगळे काही भिकारी नव्हेत. हमाल आहेत, लग्नाच्या हॉलवर वाढपी म्हणून जाणारी पोरं आहेत, एक आजी आहेत त्या पहाटे दादरच्या फुलबाजारात देठ खुडायला जातात. त्यांच्या वळकटीत एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी पिशवी, आणि तिच्यात बँकेचं जुनं पासबुक. नवं मिळत नाही, कारण पत्ता नाही.

माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. चौकात दशसूत्रीचा मोठा फलक असावा, खराट्याच्या चित्राऐवजी ‘बेघरांना आसरा’ ही ओळ ठळक. चालत जाता येईल इतक्या अंतरावर बारमाही निवारा असावा. आणि तिसरी, या चौकाचं नाव इथे झोपणाऱ्यांना पत्ता म्हणून वापरता यावं. तिसरी कशी जमेल ते मला कळत नाहीये. या क्षेत्रात काम केलेल्यांनी सांगावं.

पेढीकाठ

धागा वाचून बरं वाटलं. मी अमरावतीचा. वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला, २० डिसेंबर १९५६, रस्त्यात, गाडीत. त्याच्या महिना-दीड महिना आधी मुंबईत वांद्रे पोलिस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं होतं. आयुष्यभर चालत राहिलेला माणूस वाटेतच गेला.

पण एक बोलतो, राग मानू नका. बाबांनी सांगून ठेवलं होतं की मी मरेन तिथेच माती द्या. माझी मूर्ती, समाधी, स्मारक, मंदिर काही करू नका. आम्ही काय केलं? समाधी बांधली, आजूबाजूला गाडगेनगर वसलं, विद्यापीठाला नाव दिलं, चौकाला दिलं. प्रेमानं केलं हे मान्य. पण ज्यानं नको म्हटलं त्याच्याच नावाचा अजून एक मोठा फलक काहून लावायचा? फलकाचे पैसे घोंगड्यांत घाला. जानेवारीत आमच्याकडे थंडी कशी पडते ते इथे येऊन बघा.

चिंचपोकळीकर

पेढीकाठ, राग कसला. तुम्ही म्हणता ते बाबांच्या विचाराला धरूनच आहे. पण नाव आधीच दिलेलं आहे, ते मी द्यायला निघालेलो नाही. चौकाचं नाव, स्थानकाचं नाव, दोन्ही झालं. दिलेलं नाव नुसतं कमानीवर राहू द्यायचं की कामाला लावायचं, एवढाच माझा प्रश्न आहे. घोंगडी द्याच. मुंबईत थंडीपेक्षा पाऊस वैरी. जूनमध्ये ओली पथारी पाठीला लागली की ताप ठरलेला.

माजी_कारकून

पालिकेत नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं नावांच्या फायली हाताळण्यात गेली. थोडी माहिती देतो.

रस्त्याच्या किंवा चौकाच्या नावाचा प्रस्ताव साधारणपणे स्थानिक नगरसेवक आणतो, तो स्थापत्य समितीसमोर जातो, मग सभागृहात. ज्यांचं नाव द्यायचं त्यांच्या कार्याची माहिती जोडावी लागते. मंजुरी मिळाली की निळी पाटी लागते, उद्घाटन होतं, आणि फाईल बंद. त्या नावाला अनुसरून तिथे काही केलं का, हे विचारणारा रकाना त्या फायलीत नसतो. चिंचपोकळीकर जे मागतायत ते तिथे नसलेल्या रकान्याचं काम आहे. अर्ज वेगळ्या खात्यांकडे करावे लागतील. माहितीफलकाची परवानगी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. निवाऱ्याचं काम नियोजन विभागाकडे, कारण केंद्राची नागरी बेघरांसाठीची निवारा योजना तिथूनच राबवली गेली.

निवाऱ्याबद्दल एक आकडा पाठ करून ठेवा. २००९-१० च्या हिवाळ्यात दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला, माणसं दगावली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने मोठ्या शहरांना सांगितलं की दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास आणि बाराही महिने चालणारा. पुढे २०१३ नंतरच्या केंद्रीय योजनेत तेच आलं, एक लाखामागे किमान शंभर माणसांची सोय. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. त्याच जनगणनेत मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले, आणि ज्यांनी ती मोजणी रात्री रस्त्यावर उभं राहून पाहिली त्यांना ठाऊक आहे की कितीतरी जण सुटले. आज शहरात निवारे किती आहेत ते वॉर्डात जाऊन विचारा आणि सव्वाशेतून वजा करा. अर्जात दुसरं काही लिहायची गरज नाही.

परळवासी_सिस्टर

मी परिचारिका. मला धाग्यात एक भर घालायची आहे. बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कायमचे बेघर येतात. मुंबईत आजारपणाने तात्पुरते बेघर झालेले किती आहेत! परळच्या फूटपाथवर या. जळगाव, नांदेड, बिहार, बंगालपासून कॅन्सरचे रुग्ण येतात. उपचार वॉर्डात नव्हे, बाह्यरुग्ण म्हणून चालतात. आज किरणं, परवा रक्त तपासणी, पुढच्या सोमवारी डॉक्टर. मधले दिवस काढायचे कुठे?

गेल्या पावसाळ्यात ड्यूटीवरून निघताना एक जोडपं रोज दिसायचं. नवऱ्याच्या तोंडाचं ऑपरेशन झालेलं, नाकातून नळी. बायको फूटपाथवर पेज शिजवायची, ओढणीच्या तुकड्यातून गाळायची, सिरिंजमध्ये ओढून हळूहळू नळीत सोडायची. मग नळीतून साधं पाणी सोडावं लागतं, नाहीतर पेज आत सुकून नळी बंद होते. ते स्वच्छ पाणी आणायला ती समोरच्या हॉटेलात जायची आणि तेवढ्या वेळात नवरा नळी हातात धरून बसायचा. रात्री त्याच्या डोक्याखाली स्कॅनचं मोठं पाकीट. रिपोर्ट भिजू नयेत आणि चोरीलाही जाऊ नयेत म्हणून उशीच तिची.

त्यांना मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पाठवलं. जागा मिळायला थोडं थांबावं लागलं, पण मिळाली. परवडेल अशा दरात खोली, जेवण, आणि मुख्य म्हणजे नळाचं पाणी. ती बाई नंतर भेटली तेव्हा म्हणाली, ‘सिस्टर, रात्री लाइट बंद करून झोपलो.’ महिन्यांनंतर पहिल्यांदा अंधारात झोप. रस्त्यावर दिवे कधी विझत नाहीत, हे मला तिच्याकडून कळलं.

पेढीकाठ, बाबांना स्मारक नको होतं हे खरं. पण त्यांनी बांधलेल्या आणि त्यांच्यामागे त्यांच्या माणसांनी चालवलेल्या धर्मशाळांवर त्यांचं नाव आहे म्हणून गावाकडचा माणूस बिनधास्त आत शिरतो. ‘गाडगेबाबांचं आहे ना, मग आपलंच’ असं म्हणतो. लॉज म्हटलं की तो दारातूनच परत फिरतो.

सडेतोड

एक वेगळी बाजू मांडतो. माझी आई ७८ वर्षांची, आम्ही ना. म. जोशी मार्गावर राहतो. तिला सकाळी फिरायला जायचं तर फूटपाथवर जागा नाही, रस्त्यावर उतरावं लागतं, मागून बस. फूटपाथ चालण्यासाठी असतो. तिथे झोपणाऱ्यांबद्दल मला कणव आहे, पण त्यांना ‘पत्ता’ देणं म्हणजे अतिक्रमणाला मान्यता देणं नव्हे का? उद्या तिथे ताडपत्री येईल, परवा पत्रा, तेरवा वीजमीटर. निवारा बांधा, माझा पूर्ण पाठिंबा. फूटपाथचा पत्ता करू नका.

रात्रपाळी

सडेतोड, तुमच्या आईंची अडचण खरी आहे, ती कुणी उडवून लावू नये. पण पत्ता म्हणजे जागेचा ताबा नव्हे, हे आधी नीट समजून घेऊ या. मी बेघरांसोबत काम करतो, रात्रीच्या फेऱ्या करतो. चिंचपोकळीकरांच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते नवीन नाही.

निवडणूक आयोगाच्या सूचनांत बेघर मतदाराची सोय आहे. फॉर्म ६ भरायचा, राहण्याच्या पत्त्याच्या जागी जिथे झोपतो ती जागा लिहायची. निवासाचा कागदोपत्री पुरावा लागत नाही. मतदान केंद्राचा अधिकारी, म्हणजे बीएलओ, त्याने रात्री त्या जागी जाऊन बघायचं की हा माणूस खरंच तिथे झोपतो का. एका रात्रीत भागत नाही, एकाहून जास्त रात्री जावं लागतं. दिसला की नाव यादीत.

हे नियमात आहे, प्रत्यक्षात रखडतं ते दोन ठिकाणी. एक, बीएलओ बहुतेक वेळा शिक्षिका किंवा पालिकेची कर्मचारी असते; दिवसाची नोकरी करून रात्री बाराला फूटपाथवर तिला एकटीने पाठवायचं का, हा रास्त प्रश्न आहे. आमच्यासारखे कुणी सोबत गेले तर ती येते, असा माझा अनुभव आहे. दोन, जागेचं वर्णन. ‘ब्रिजखाली’, ‘एटीएमजवळ’ असं लिहिलं की फॉर्म परत येतो. अधिकाऱ्याला नकाशात सापडेल असं नाव हवं. आणि इथे चौकाचं अधिकृत नाव उपयोगाला येतं. ‘पदपथ, मोनो स्थानकाच्या जिन्याजवळ, संत गाडगे महाराज चौक’ असं लिहिलं तर कुणी बोट ठेवू शकत नाही, कारण ते नाव सरकारनेच दिलेलं आहे.

मतदार ओळखपत्र हातात आलं की पुढची दारं उघडतात. आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचा किंवा लोकप्रतिनिधीचा दाखला चालतो, पण त्यालाही माणूस आधी कुठेतरी नोंदलेला असला की काम सोपं होतं. पासबुक, दवाखान्याचा केसपेपर, निराधारांची पेन्शन, सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. त्या फुलबाजारातल्या आजींचं पासबुक नवं करायचं तर सुरुवात इथून.

कागद नसल्याचा दुसरा तोटा मी डोळ्यांनी पाहतो. मुंबईत भीक प्रतिबंधक कायदा १९५९ पासून आहे. धरपकड होते तेव्हा हमाल कोण आणि भिकारी कोण, हे रात्री दोन वाजता कपड्यांवरून ठरतं. खिशात ओळखपत्र असलेला माणूस तेवढ्यात सुटतो.

दादरचा_वकील

सडेतोड यांच्या शंकेला कायद्याचं उत्तर देतो, कारण त्याच शहरात, त्याच प्रश्नावर देशातला मोठा निकाल झालेला आहे. १९८१ च्या पावसाळ्यात, अंतुले मुख्यमंत्री असताना, फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं ठरलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यात स्पष्ट झालं. माणूस फूटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ असतं. त्याला हटवलं की त्याची रोजी जाते.

पण त्याच निकालात हेही आहे की फूटपाथ अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही. नोटीस द्या, म्हणणं ऐकून घ्या, मग हटवू शकता. आणि त्या वर्षीचा पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, हात लावू नका. दोन्ही बाजू वाचायला हव्यात, आपण आपल्या सोयीची अर्धी वाचतो. मतदारयादीत नाव आल्याने जागेवर कोणताही मालकी हक्क निर्माण होत नाही. वीजमीटरची भीती बाळगू नका. यादी एवढंच सांगते की हा नागरिक अमुक ठिकाणी रात्री असतो.

सडेतोड

वकीलसाहेब, रात्रपाळी, खुलाशाबद्दल आभार. मतदारयादीला माझी हरकत नाही. निवारा झाला की फूटपाथ मोकळा व्हावा, हे माझं मत कायम आहे आणि अर्जात तेही लिहा.

भायखळ्याची_लेक

सात रस्त्यापासून मौलाना आझाद रोडने खाली आलात की आमचं भायखळा. या विषयाची अर्धी पंढरी इथे आहे आणि तिचं नाव अजून कुणी काढलं नाही.

१९८४ पासून शीला पटेल आणि त्यांच्या ‘स्पार्क’ संस्थेने भायखळ्याच्या फूटपाथवरच्या बायकांबरोबर काम सुरू केलं. १९८५ च्या निकालानंतर सगळीकडे हातोडे पडणार म्हणून भीती होती. तेव्हा या बायकांनी स्वतःच मोजणी करायला मदत केली: आम्ही किती, कुठून आलो, किती वर्षं इथे, काय काम करतो. हजारो कुटुंबांची ती मोजणी. त्यातून कळलं की फूटपाथवरच्या बऱ्याच जणांची मुलंसुद्धा फूटपाथवरच जन्मली आहेत, ‘मूळ गावी’ पाठवायचं म्हणजे कुठे? मग १९८६ मध्ये या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. रोजची बचत, दोन रुपये, पाच रुपये, एकीकडे गोळा. अक्षरओळख नव्हती तर रंगीत कागदाच्या तुकड्यांनी हिशेब. वर्षानुवर्षं झगडून त्यांतल्या काहींना मानखुर्दला मिलननगरात पक्की घरं मिळाली. फूटपाथवरून चौथ्या मजल्यापर्यंतचा तो रस्ता या बायकांनी स्वतः आखला.

आणि त्यांच्याबरोबर जॉकिन अर्पुथम. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून १९६३ मध्ये मुंबईत आलेला तरुण, इथे आला तेव्हा त्यालाही उघड्यावर झोपावं लागलं. जनता कॉलनी ही झोपडवस्ती वाचवायला लढला. आणीबाणीत, १९७६ ला, ती कॉलनी उठवून सगळ्यांना चिता कॅम्पला टाकलं. त्यानंतरही त्याने हार मानली नाही, देशभरातल्या झोपडीवासीयांची संघटना वाढवत नेली. २००० साली मॅगसेसे, २०११ ला पद्मश्री, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गेला.

गाडगेबाबा वंदनीयच. पण मला वाटतं नावांच्या बाबतीत आपण कायम संतांकडे बघतो, कारण संतांना कुणी विरोध करत नाही. फूटपाथवरून उठलेल्या माणसाचं नाव त्याच फूटपाथच्या गल्लीला देणं जास्त अवघड आणि म्हणून जास्त मोलाचं. आमच्या भागातल्या एखाद्या गल्लीला जॉकिनचं किंवा थेट ‘महिला मिलन मार्ग’ असं नाव असावं, ही माझी इच्छा. आणि नाव कुठलं ते तिथे राहिलेल्या बायकांना विचारून ठरवावं.

माजी_कारकून

भायखळ्याची लेक, गल्लीचं नाव सुचवायचं असेल तर आधी त्या गल्लीला दप्तरी काही नाव आहे का ते बघा. असेल तर बदलाचा प्रस्ताव लागतो आणि तो अडकतो. निनावी गल्ली किंवा चौक निवडलात तर निम्मा त्रास वाचेल. रहिवाशांच्या सह्या भरपूर जोडा. मिलननगरला गेलेल्या बायकांच्याही सह्या घ्या, ‘पूर्वी येथे वास्तव्यास’ असं लिहून. असा कागद फाईलमध्ये वजनदार ठरतो.

हडसनकाठ

न्यूयॉर्कहून. इथे रस्त्याचं मूळ नाव तसंच ठेवून खाली दुसरी पाटी लावतात, सहनाव म्हणतात त्याला. मॅनहॅटनच्या पश्चिम ३१ व्या रस्त्याच्या एका तुकड्याला फादर मायकल जज यांचं नाव आहे. ते फ्रान्सिस्कन धर्मगुरू, अग्निशमन दलाचे पुरोहित. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात गेले, मृतांच्या नोंदीत पहिला क्रमांक त्यांचा. बाहेर त्यांची ओळख तेवढीच, पण बेघर आणि एड्सचे रुग्ण यांच्यासाठी ते उभं आयुष्य झटले होते.

सांगायचं कारण असं की त्याच रस्त्यावर त्यांच्या चर्चसमोर सकाळी भुकेल्यांची रांग लागते. १९३० च्या मंदीच्या काळापासून ती चालू आहे. मी त्या भागात नोकरी करत होते, सकाळी स्टेशनातून बाहेर पडलं की पाटी आणि रांग एकाच नजरेत दिसायची. तिथे पाटी वाचून ‘हे कोण?’ असं विचारावं लागत नाही. चिंचपोकळीकर, तुम्ही म्हणता ते हेच असावं.

चिंचपोकळीकर

हडसनकाठ, हेच. नेमकं हेच.

भायखळ्याची लेक, जॉकिन यांच्या नावाला माझं पूर्ण अनुमोदन. दोन्ही व्हावं, एकासाठी दुसरं थांबू नये. तुमच्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. सात रस्त्याला मिळणाऱ्या रस्त्यांची नावं एकत्र वाचा: साने गुरुजी मार्ग, ना. म. जोशी मार्ग, मौलाना आझाद रोड, केशवराव खाड्ये मार्ग. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं, विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना उघडावं म्हणून. त्याच पंढरपुरात बाबांनी त्याच्या कितीतरी आधी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती, कारण अस्पृश्य वारकऱ्याला दुसरी कुठलीच धर्मशाळा आत घेत नव्हती. पुढे १९४९ मध्ये ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाती सोपवली. देवळाचं दार गुरुजींनी उघडायला लावलं, मुक्कामाचं दार बाबांनी आधीच उघडून ठेवलं होतं. ती दोन नावं आज एका चौकात भेटतात. हा इतिहास फलकावर आला तर फलकाला अर्थ आहे. शिवाय हाकेच्या अंतरावर महालक्ष्मीचा धोबीघाट. परिटाच्या घरात जन्मलेल्या माणसाचं नाव त्या घाटाशेजारच्या चौकाला आहे, हे घाटावर काम करणाऱ्या किती पोरांना माहीत असेल?

पेढीकाठ, तुमचा आक्षेप मनात ठेवूनच लिहितोय. फलक हवाच असा माझा हट्ट नाही. पत्ता आणि निवारा आधी, फलक शेवटी.

पेढीकाठ

चिंचपोकळीकर भाऊ, क्रम तुम्ही लावला तो पटला. फलकाबद्दल माझं मत तेच आहे. पण मतदारयादीचं ऐकून थांबलो. बाबा कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारून विचारून बोलतं करत. लोक उत्तरं देत, मग बाबा पुढे सरकत. ज्याला कुणी विचारत नाही त्याला यादीत आणून ‘बोल बाप्पा, तुला काय पाहिजे’ असं विचारायची सोय होत असेल, तर बाबांच्या नावाचा असा वापर व्हावा.

आमच्याकडे अमरावती स्टेशनबाहेर, राजकमल चौकात माणसं झोपतात. रात्रपाळी, ती फॉर्म ६ ची सूचना मराठीत छापील मिळेल का? इथल्या तहसीलमध्ये दाखवली तर उपयोग होईल. तोंडी सांगितलं तर ऐकणार नाहीत.

रात्रपाळी

पेढीकाठ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, माझ्याकडे मराठी प्रत आहे. तहसीलमध्ये मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या नावाने पत्र द्या आणि पोच घ्या.

सात रस्त्याचं पक्कं करू या. येत्या शनिवारी रात्री अकराला मोनोच्या जिन्याखाली. भागाच्या बीएलओ मॅडमशी बोललोय, सोबत दोन बायका असतील तर त्या यायला तयार आहेत. पहिल्या रात्री फक्त ओळख आणि यादी, फॉर्म लगेच पुढे करायचा नाही. कागद बघून माणसं उठून जातात, त्यांना वाटतं हटवायला आलेत. टॉर्च तोंडावर मारायचा नाही, झोपलेल्याला हलवायचं नाही. झोपलेला असेल तर पुढच्या फेरीत.

परळवासी_सिस्टर

मी येते. शनिवारी माझी दुपारची पाळी आहे, साडेनऊला सुटते. बीपीचं यंत्र आणि पायाच्या जखमांसाठी मलमपट्टी आणेन. आधी पायाला हात लागला की मग माणूस बोलतो, असं माझं बघणं आहे.

भायखळ्याची_लेक

दुसरी बाई मी. महिला मिलनच्या एक मावशी ओळखीच्या आहेत, मानखुर्दहून येतील का विचारते. फूटपाथवर मोजणी कशी करायची ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

सडेतोड

निवाऱ्याच्या अर्जावर सही करायला मीही येतो. आईने त्या आजींसाठी जाड सतरंजी काढून ठेवली आहे, कुणाकडे द्यायची?

चिंचपोकळीकर

सडेतोड, सतरंजी घेऊनच या, स्वतःच द्या. त्या साडेअकराला येतात, पण पहाटे तीनला उठून फुलबाजारात जातात, तेव्हा बाराच्या आत.

रात्रपाळी, फॉर्मला पासपोर्ट फोटो लागतो ना? रात्री फोटो काढणार कोण आणि छापून देणार कोण?

रात्रपाळी

लागतो. मागच्या वेळी तिथेच अडलं होतं. मोबाइलवर काढलेला चालतो, पण मागची बाजू पांढरी हवी आणि चेहऱ्यावर सावली नको, नाहीतर फॉर्म परत येतो.

माजी_कारकून

माझ्या पुतण्याचा चिंचपोकळी स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ आहे. तो पांढरा पडदा आणि बॅटरीचा दिवा घेऊन शनिवारी येतो म्हणालाय. प्रती सोमवारी दुपारपर्यंत छापून देईल, पैसे घेणार नाही. फोटोच्या मागे पेन्सिलने नाव आणि झोपायची जागा लिहायला कुणीतरी त्याच्याबरोबर बसा, नंतर चेहरे जुळवत बसायला नको.